बायपासनंतर घरी आल्यावर: पहिले काही आठवडे

लातूर आणि आसपासच्या तालुक्यांत आम्ही घरी येऊन नर्सिंग आणि फिजिओथेरपीची सेवा देतो. आपल्याकडचे बायपासचे (हृदयाच्या बंद नसेला वळसा देऊन दुसरी नस जोडण्याच्या ऑपरेशनचे) बरेच रुग्ण पुणे, सोलापूर, हैदराबाद किंवा छत्रपती संभाजीनगरला ऑपरेशन करून परततात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बायपास बसते, त्यामुळे खेड्यातल्या माणसालाही आता हे ऑपरेशन परवडतं. खरी पंचाईत नंतर होते. सर्जन दोन-तीनशे किलोमीटरवर, आणि घरात रोज नवा प्रश्न: पाय सुजलाय, झोप लागत नाही, रात्री धडधडतं, आता कुणाला विचारायचं? बायपासनंतर काय होतं यावर जगभर हजारो रुग्णांचा अभ्यास झालेला आहे. त्यातलं आपल्या घराला उपयोगी पडेल ते इथे दिलं आहे.

छातीचं हाड आणि टाके

ऑपरेशनच्या वेळी छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि शेवटी स्टीलच्या तारांनी बांधतात. या हाडाला प्लास्टर घालता येत नाही. ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, पूर्ण ताकद यायला तीनेक महिने. तोवर पाण्याची घागर, खताची गोणी, नातवंडाला कडेवर घेणं, मोटारसायकलची किक, ट्रॅक्टर हे सगळं बंद. गाडी केव्हा चालवायची ते सर्जनला विचारूनच ठरवा. पण हात अजिबात हलवायचे नाहीत असंही नाही. कोपर अंगालगत ठेवून जेवणं, केस विंचरणं, शर्ट घालणं खुशाल करा, नाहीतर खांदे आखडतात. उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग बसा. घरच्यांना हात जोडून विनंती: काखेत हात घालून रुग्णाला ओढून उठवू नका. प्रेमापोटी होणारी ही चूक आम्हाला घरोघरी दिसते. खोकला आला की छातीशी उशी घट्ट धरायची.

जोडासाठी पायाची नस काढली असेल तर त्या पायाला काही आठवडे सूज राहते. बसताना पाय उंचावर ठेवा. छातीच्या डाव्या बाजूला बधिर वाटणंही नेहमीचंच, त्याने घाबरू नका.

हाडापर्यंत पोचणारा जंतुसंसर्ग साधारण शंभरात एखाद्यालाच होतो, पण झाला तर जिवावर बेततो. मधुमेह, लठ्ठपणा आणि तंबाखू असलेल्यांना त्याचा धोका जास्त. अमेरिकेतल्या पोर्टलँड इथे २,४६७ मधुमेही रुग्णांचा अभ्यास १९९९ मध्ये छापून आला. शिरेतून सतत इन्सुलिन देऊन साखर आवरली, तेव्हा हा खोल संसर्ग २ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आला. हे दवाखान्यातलं झालं, पण घरीही जखम भरेपर्यंत साखरेवर लक्ष हवंच. जखमेवर हळद, तूप, राख काही लावू नका. भेटायला येणाऱ्यांनी दारातूनच विचारपूस केली तरी रुग्णाला ती पोचते. टाक्यांतून पाणी किंवा पू येणं, ताप, खोकताना हाड कटकट वाजणं किंवा सरकल्यासारखं वाटणं: यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी सर्जनला फोन करा.

श्वास आणि तीन बॉलचं यंत्र

श्वास आत ओढून बॉल वर उचलायचं हे प्लास्टिकचं यंत्र आम्ही विकतो, म्हणून स्पष्टच सांगतो. नुसत्या यंत्राने फुप्फुसाचा त्रास टळतो, असं बायपासच्या रुग्णांवरच्या चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही. खरं काम करतात ते खोल श्वास, खोकून कफ बाहेर काढणं आणि चालणं. यंत्रामुळे तासातासाला आठवण राहते एवढाच त्याचा फायदा. दवाखान्यातून मिळालं असेल तर दुसरं विकत घेऊ नका.

ऑपरेशन अजून व्हायचं असेल, तर ही माहिती जास्त मोलाची आहे. नेदरलँड्समध्ये फुप्फुसाच्या त्रासाचा धोका जास्त असलेल्या २७९ रुग्णांवर चाचणी झाली, ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. ऑपरेशनआधी निदान दोन आठवडे रोज वीस मिनिटं श्वास घेण्याच्या स्नायूंचा व्यायाम केलेल्यांत १८ टक्के लोकांना नंतर फुप्फुसाचा त्रास झाला. न केलेल्यांत ३५ टक्के. योजनेच्या मंजुरीची वाट बघण्यात जे दिवस जातात, ते या व्यायामासाठी वापरता येतात. आपल्या डॉक्टरांना विचारून आमच्या फिजिओथेरपिस्टला आधीच बोलवा.

धडधड

बायपासनंतर दर तीन-चार रुग्णांत एकाच्या हृदयाचे ठोके अनियमित होतात, बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, दवाखान्यातच. बहुतेकांचं औषधाने ताळ्यावर येतं. पण हा त्रास घरी पुन्हा सुरू होऊ शकतो, आणि त्यातून रक्ताची गुठळी मेंदूत जाण्याचा धोका असतो. म्हणून "अशक्तपणा आहे, जाईल" म्हणू नका. नाडी वेडीवाकडी लागली तर ईसीजी काढाच.

मन

याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून आम्ही विचारतो. माणूस घरी आल्यावर गप्प राहतो, जेवत नाही, बारीकसारीक गोष्टीवर डोळ्यांत पाणी येतं. अण्णांना असं कधी पाहिलं नव्हतं, असं मुलं सांगतात. पहिले काही दिवस असं होतं. दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर तो आजार समजा आणि डॉक्टरांना सांगा. अमेरिकेत पिट्सबर्गच्या संशोधकांनी बायपासनंतर उदास झालेले ३०२ रुग्ण घेतले. त्यांतल्या काहींना नर्सने आठ महिने फोन करून विचारपूस केली, गरज पडली तिथे उपचार जोडून दिले. अशा रुग्णांत निम्म्यांची लक्षणं अर्ध्यावर आली; नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत सुमारे ३० टक्क्यांचीच. हा निकाल २००९ सालचा. आमची सिस्टर फोन करते तेव्हा फक्त बीपी विचारत नाही, त्याचं कारण हेच. फोन रुग्णाच्या हाती द्या.

गोळ्या, तंबाखू, चालणं

छातीतली नस वापरून केलेला जोड दहा वर्षांनीही ९० टक्क्यांहून जास्त रुग्णांत उघडा असतो. पायाच्या नसेचे जोड तेवढ्या काळात निम्म्याच्या आसपास बंद पडतात. त्यामुळे "बरं वाटतंय" म्हणून अ‍ॅस्पिरिन आणि कोलेस्ट्रॉलची गोळी बंद करणं म्हणजे ऑपरेशनवर पाणी सोडणं आहे. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. तंबाखू-चुना, गुटखा, मिश्री, बिडी कायमची सोडायची. पापड, लोणचं, ठेच्यातलं मीठ आवरा. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी चालते.

चालणं अंगणापासून सुरू करा, रोज थोडं वाढवा. एप्रिल-मेच्या उन्हात फक्त पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. लघवीची गोळी सुरू असेल तर पाणी किती प्यायचं ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. हृदयरोग्यांच्या ६३ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा व्यायामाचा ठरवलेला कार्यक्रम घेणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू १०.४ टक्क्यांऐवजी ७.६ टक्के दिसले.

छातीत दाबल्यासारखं दुखणं, दम लागून आडवं होता न येणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, एक हात गळणं, यांपैकी काही झालं तर आम्हाला फोन करण्यात वेळ घालवू नका, १०८ लावा. एरवी पहिल्या भेटीला डिस्चार्ज कार्ड, सुरू असलेल्या गोळ्यांची पाकिटं आणि साखरेची वही समोर ठेवा. आमची सिस्टर औषध बदलत नाही. तिला काही वावगं दिसलं तर ती तुमच्यासमोरच सर्जनच्या टीमला फोन लावते.