बोट कुणाकडे दाखवायचं?

1989च्या फेब्रुवारीत गोव्यातल्या पर्रा गावच्या डॉमनिक डिसोझाला पोलिसांनी उचललं आणि म्हापशातल्या ओस पडलेल्या क्षयरोग रुग्णालयात 64 दिवस एकट्याला डांबलं. गुन्हा काय? नेमाने रक्तदान करणाऱ्या या तरुणाच्या रक्तात एचआयव्ही, म्हणजे एड्सचा विषाणू, सापडला होता. हा विषाणू शेजारी बसून किंवा हात मिळवून पसरत नाही, हे तेव्हाही ठाऊक होतं. पण गोव्याचा कायदा डांबायला मुभा देत होता, आणि लोकांच्या मनात भीती होतीच.

त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या भिंतींवर वेगळंच काही चाललं होतं. 1987मध्ये सहा जणांनी एक पोस्टर चिकटवलं. काळीभोर पार्श्वभूमी, मधोमध गुलाबी त्रिकोण, खाली पांढऱ्या अक्षरांत 'सायलेन्स = डेथ', म्हणजे गप्प राहणं हेच मरण. नाझी छावण्यांत समलिंगी कैद्यांच्या कपड्यांवर असाच त्रिकोण शिवत, टोक खाली करून. इथे टोक वर. रस्त्यापलीकडून त्रिकोण खुणावतो. जवळ गेलं की तळाच्या बारीक अक्षरांत सवाल भेटतो: राष्ट्राध्यक्ष रेगन एड्सबद्दल गप्प का? बोट रोग्याकडे नाही, सरकारकडे! एड्सविरुद्ध लढणाऱ्या 'ॲक्ट अप' संघटनेने हे पोस्टर आपलंसं केलं, आणि तिच्या रेट्याने औषधमंजुरीची संथ चाकंही हलली.

रोगाच्या पोस्टरवर कवटी-हाडं रंगवणं सोपं. पण 1992मध्ये संवादाच्या अभ्यासक किम विट्टे यांनी मांडलं, की धोका दाखवला आणि झेपेल असा उपाय दिला नाही, तर माणूस धोका टाळायचं सोडून त्याचा विचारच टाळतो. (माझ्या मते शेजाऱ्यालाही टाळतो, पण ते माझं मत.)

आता गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात या. काजूच्या हंगामात माकडतापाची धास्ती असते. पोस्टरवर भलंमोठं माकड काढलं, तर लोक माकडालाच दगड मारतील. ते बिचारं स्वतःच या तापाने मरतं; विषाणू माणसात सोडते ती गोचीड, आणि तिचं पिल्लू खसखशीएवढं. तेव्हा नखाशेजारी खऱ्या मापाचा ठिपका काढा. खाली लिहा: बोंडू वेचून आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, अंग चोळून धुवा, काखा-जांघा तपासा. आणि तळाला, जवळ गेल्यावरच वाचता येईल असं: जुनी लस कुचकामी ठरून बंद झाली, नवी कधी देताय?