निवृत्तीआधी ग्रुप मेडिक्लेम वैयक्तिक पॉलिसीत कसा बदलून घ्यायचा

कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम बहुतेक ठिकाणी नोकरीच्या शेवटच्या दिवशीच संपतो. ‘ग्रॅच्युइटी हातात आली की पॉलिसी बघू’ म्हणणाऱ्यांची पंचाईत होते ती इथे. साठीपर्यंत बीपी, शुगर मागे लागलेली असते आणि अशा जुन्या आजारांसाठी नवी पॉलिसी 36 महिन्यांपर्यंत थांबायला लावू शकते (वेटिंग पिरियड).

यावर उपाय म्हणजे मायग्रेशन. ग्रुप पॉलिसीत नाव असलेला कर्मचारी आणि त्याचे कुटुंबीय त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एकच विमा रक्कम) पॉलिसीत जाऊ शकतात. विमा नियामक आयआरडीएआयच्या नियमांनुसार ग्रुपमध्ये सलग काढलेली वर्षं वेटिंग पिरियडमधून वजा होतात, पण जुन्या विमा रकमेपुरतीच. तीन लाखांचं कव्हर दहा लाखांचं केलंत, तर वरच्या सात लाखांसाठी मोजणी नव्याने सुरू होते. म्हणून रक्कम वाढवायची असेल तर पन्नाशीतच वेगळी पॉलिसी घेऊन ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

अर्ज निवृत्तीच्या दोन-तीन महिने आधी करा. प्रपोजल फॉर्मसोबत आधार, पॅन, वयाचा पुरावा, तपासण्यांचे रिपोर्ट, जुनी डिस्चार्ज कार्डं आणि आधीच्या क्लेमचा तपशील लागतो. सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे दरवर्षीचं ग्रुप विम्याचं प्रमाणपत्र. सलग वर्षं त्यावरूनच सिद्ध होतात. ऑफिसचा ईमेल बंद व्हायच्या आत ती सगळी प्रमाणपत्रं डाउनलोड करून घ्या आणि एचआरकडून तसं पत्रही घ्या.

फॉर्म एजंटला भरू दिलात तरी सही वाचूनच करा. आजार लपवला तर ऐन वेळी क्लेम नाकारला जाऊ शकतो. पॉलिसी हातात आल्यावर जुन्या वर्षांची नोंद आहे का, तेही तपासा. नसेल तर दुरुस्ती मागा. पॉलिसी पटली नाही तर 30 दिवसांत परत करता येते.

विमा कंपनीने नकार दिला तर कारण लेखी मागा आणि दुसरीकडे अर्ज करा. कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआयसी) किमान पाच वर्षं विमाधारक राहून निवृत्त झालेल्यांना वर्षाला 120 रुपयांत स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार मिळतात. घरात कुणी सत्तरी ओलांडली असेल, तर आधार ईकेवायसी करून केंद्र सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात होतात आणि खासगी पॉलिसी असली तरी ते मिळतं.