नकाशाची कोडी: कृष्णाकाठची पार्श्वभूमी

‘नद्या आहेत पण पाणी नाही, रानं आहेत पण झाड नाही, शहरं आहेत पण माणूस नाही. सांगा मी कोण?’ सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही प्राथमिक शाळेत हे कोडं घाला, निम्मा वर्ग ‘नकाशा!’ म्हणून ओरडतो. कोडं सोपं आहे, पण त्यावरून त्याचं वय काढता येतं. ज्या गावात कागदावरचा नकाशा कधी कुणी पाहिलेला नाही, तिथं हे कोडं जन्मालाच येणार नाही. भिंतीवर नकाशा टांगणारी शाळा गावात आली, त्यानंतरचं हे कोडं. त्याच्या आधीही इकडची माणसं जागांची, दिशांची, नद्यांची कोडी घालतच होती. त्या कोड्यांत नकाशा नव्हता, एवढंच.

भूगोलाचं म्हणता येईल असं फार जुनं कोडं ऋग्वेदात आहे. पहिल्या मंडलातलं १६४ वं सूक्त दीर्घतमस ऋषीचं, आणि ते कोड्यांनी भरलेलं आहे. त्यात सरळ विचारलंय, ‘पृच्छामि त्वा परमन्तं पृथिव्याः’, पृथ्वीचं शेवटचं टोक कुठं ते सांग. भुवनाची नाभी कुठं, हेही विचारलंय. पुढच्याच ऋचेत उत्तर येतं: ही वेदी हेच पृथ्वीचं टोक आणि हा यज्ञ हीच भुवनाची नाभी. माणूस जिथं उभा आहे तिथूनच पृथ्वी मोजायची, हा त्यातला विचार मला आजही थक्क करतो.

नंतरच्या संस्कृत कोड्यांत जागा आली ती शब्दांच्या खेळातून. ‘कं संजघान कृष्णः, का शीतलवाहिनी गङ्गा’ हे सुभाषित शाळेत संस्कृत घेतलेल्या बहुतेकांना पाठ असतं. कृष्णानं कोणाला मारलं? थंड पाण्याची गंगा कोणती? अक्षरं जरा वेगळी तोडली की प्रश्नातच उत्तर सापडतं: कृष्णानं कंसाला मारलं आणि काशीच्या तळाशी वाहणारी ती गंगा. अशा कोड्याला अंतर्लापिका म्हणतात. ज्या वाईला लोक दक्षिण काशी म्हणतात, जिथं प्राज्ञपाठशाळा उभी राहिली आणि मराठी विश्वकोशाचं काम चाललं, तिथं कृष्णेच्या घाटावर बसून हे सुभाषित म्हणण्यात वेगळीच गोडी आहे. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. हे कोडं सोडवायला काशी पाहिलेली असण्याची काहीच गरज नाही. कूटरचनांतल्या, म्हणजे गूढ अर्थाच्या रचनांतल्या, गावांचंही तसंच. ज्ञानदेवांच्या नावावर असलेल्या ‘काट्याच्या अणीवर वसले तीन गाव’ या रचनेतली गावं कुठल्याच वाटेवर भेटत नाहीत.

लोकांच्या तोंडी असलेल्या कोड्यांत मात्र दिशा खरी आहे. ‘कोकणातनं आली सखी, तिच्या मानेवर दिली बुक्की, तिच्या घरभर लेकी’ म्हणजे लसूण. ‘कोकणातनं आला भट, धर की आपट’ म्हणजे शेंबूड. दोन्हींत पाहुणा कोकणातनंच का येतो? घाटमाथ्यावरच्या माणसाला सूर्य मावळतो तिकडं डोंगराची कड दिसते आणि कडेपलीकडे कोकण. पाटणहून कुंभार्ली घाटानं चिपळूणला उतरायचं, महाबळेश्वरहून आंबेनळीनं पोलादपूरला. मीठ त्याच वाटांनी वर यायचं. लसणाचा कोकणाशी खास संबंध नाही, पण अनोळखी पाहुणा यायचा तर तो घाट चढूनच, हे सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक होतं. नकाशा न पाहिलेल्या बाईच्या डोक्यातही दिशांची अशी पक्की मांडणी होती.

मग कागदावरचा नकाशा आला, आणि त्याच्याबरोबर निराळीच कोडी आली. लंडनच्या जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या कारागिरानं १७६० च्या दशकात लाकडी फळीवर नकाशा चिकटवून तो देशांच्या सीमांवरून करवतला आणि मुलांना जुळवायला दिला. आज घरोघरी असलेल्या चित्रतुकड्यांच्या खेळाचं मूळ हे, म्हणजे भूगोलाचा धडा. एकोणिसाव्या शतकातलं सांगली संस्थान असं करवतलं असतं तर त्याचे तुकडे एकमेकांना कुठंच चिकटले नसते. संस्थानाचा मुलूख सहा वेगळ्या पट्ट्यांत विखुरलेला होता. मंगळवेढं त्यात होतं, आजच्या कर्नाटकातलं तेरदाळ होतं, बेळगावला लागून असलेलं शहापूर होतं आणि पार गदगकडचं शिरहट्टीही होतं. औंध संस्थानाचं तेच: औंध आज सातारा जिल्ह्यात, आटपाडी आणि कुंडल सांगलीत, गुणदाळ विजापूरकडे. वारसाहक्क, वाटण्या आणि तहांतून हा नकाशा तयार झाला होता. डोंगर-नद्यांशी त्याचा मेळ नव्हता, म्हणून तो नुसता पाठच करावा लागे.

१९४८ मध्ये संस्थानं विलीन झाली आणि हा गुंता सुटला, पण जाता जाता एक नवं कोडं देऊन गेला: दक्षिण सातारा कुठं आहे? जुन्या सरकारी कागदावर हे नाव दिसलं की आजची मुलं साताऱ्याच्या दक्षिणेला, कराडच्या आसपास बोट ठेवतात. उत्तर आहे सांगली. १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा नावाचा जिल्हा झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याला सांगली हे नाव मिळालं. वडिलांच्या दाखल्यावर ‘जि. द. सातारा’ वाचून बुचकळ्यात पडलेली माणसं आजही भेटतात.

सीमांवरूनच निघालेलं आणखी एक कोडं गणितात प्रसिद्ध आहे. शेजारच्या दोन प्रदेशांचा रंग सारखा येऊ नये, तर नकाशाला किती रंग पुरतील? इंग्लंडचे परगणे रंगवताना फ्रान्सिस गथ्री या तरुणाला १८५२ साली हा प्रश्न पडला. चार रंग पुरतात, याची सिद्धता १९७६ मध्ये संगणकाच्या मदतीनं झाली. सातारा जिल्ह्याचे ११ तालुके घेऊन मुलांना हे करायला द्यावं. कोरेगाव आणि त्याच्या शेजाऱ्यांपाशी पेन्सिल थबकते.

पण सातारा-सांगलीला ज्या कोड्यांचा अभिमान वाटावा, ती पाण्याची आहेत. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात पाच नद्यांचा उगम मानतात. त्यांतली सावित्री पश्चिमेला कोकणात उतरते आणि बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा, वेण्णा आणि कोयना डोंगराच्या अलीकडे राहतात. एका माथ्यावरचा पाऊस, पण कडेच्या कुठल्या अंगाला पडला त्यावर त्याचा समुद्र ठरतो. वेण्णा माहुलीला कृष्णेत येते. कोयना मात्र मधल्या दुसऱ्या डोंगररांगेच्या पलीकडून दक्षिणेला जाते, हेळवाकला पूर्वेकडे वळते आणि कराडला कृष्णेला भेटते, तीही अगदी समोरासमोर. कराडच्या प्रीतिसंगमावर उभं राहून ‘यातली कृष्णा कोणती?’ असं विचारलं तर पहिल्यांदा आलेला माणूस हमखास गोंधळतो.

कोयनेवरचं सर्वांत सुंदर कोडं माणसानं तयार केलं: एक नदी, पण पाणी दोन समुद्रांत जातं, ती कोणती? मूळची कोयना पूर्ववाहिनी. कराडला कृष्णेत मिसळून तिचं पाणी आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागराला जायचं. १९६० च्या दशकात धरण बांधून शिवसागर जलाशय झाला आणि डोंगरातल्या बोगद्यांतून पाणी पलीकडे पोफळीकडे सोडलं गेलं. तिथं वीज करून ते वाशिष्ठी नदीत आणि पुढं अरबी समुद्रात जातं. पश्चिमेकडे किती पाणी वळवायचं याला कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली. सह्याद्रीचा पाणलोट ओलांडायला नदीला जमलं नसतं, ते बोगद्यानं केलं. या कोड्याचं उत्तर शब्द तोडून सापडत नाही. त्यासाठी डोंगर कुठं आहे, तो कुणीकडं उतरतो हे माहीत लागतं. असलीच कोडी मुलांना जास्त घालायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

माणगंगेचं कोडं याहून अवघड. साताऱ्यात उगम पावते, तरी साताऱ्यात किंवा सांगलीत कृष्णेला मिळत नाही, अशी नदी कोणती? माण तालुक्यातल्या डोंगरात निघून ती आटपाडीवरून सोलापूर जिल्ह्यात जाते, भीमेला मिळते, आणि भीमा रायचूरजवळ कृष्णेला. एकाच जिल्ह्यात पडलेलं पाणी इतकं दूर जाऊन एकत्र येतं. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि माण-खटावला कोरडी कुसळं, हे ज्यानं पाहिलंय त्याला या नदीचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

घड्याळाचंही एक कोडं इथं छान जमतं. ७४ अंश पूर्व रेखावृत्त सातारा शहराजवळून जातं. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांवरची. फरक साडेआठ अंशांचा, अंशाला चार मिनिटं, म्हणजे ३४ मिनिटं. तर साताऱ्याच्या राजवाड्यापाशी घड्याळात बारा वाजले, तेव्हा सूर्य माथ्यावर आलेला असतो का? नसतो, सरासरी अर्ध्या तासानं येतो. तो अगदी डोक्यावर येऊन सावली पायाखाली जाते, असे दिवस वर्षात दोनच. पहिला मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात. दुसरा ऐन पावसाळ्यात येतो आणि बहुधा ढगांतच जातो.

शाळांनी हे कितपत घेतलं? बालभारतीनं तिसरीला जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं पुस्तक दिलं, ही मोठी गोष्ट होती, कारण मुलाचा भूगोल त्याच्या ओढ्यापासून सुरू झाला. शिष्यवृत्तीच्या तयारीत मात्र दिशांची कोडी ‘रमेश उत्तरेकडे पाच किलोमीटर गेला, मग उजवीकडे वळला’ अशी झाली. रमेश कुठल्या गावातनं निघाला, वाटेत काय लागलं, याचा पत्ता नाही.

आणि तरीही सांगलीत दर पावसाळ्यात अख्खं शहर भूगोलाचंच कोडं सोडवत असतं. कोयनेचे दरवाजे किती फूट उचलले, कराडला कृष्णा कुठवर आली, वारणेतनं किती येतंय, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातनं पुढं किती सोडलं? हरिपूरला वारणा कृष्णेत शिरते, त्यामुळं एकाच वेळी दोन्ही नद्या फुगल्या की हिशेब अवघड होतो. १९२९ च्या आयर्विन पुलावर इशाऱ्याची पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५. २००५ आणि २०१९ चा पूर पाहिलेली माणसं वरचे आकडे ऐकून पुलावरचा आकडा ताडतात, आणि त्यावरून खालच्या मजल्यावरचं सामान कधी हलवायचं ते ठरवतात.