टॅब पुस्तकांतून फंक मेटल : बेळगाव सीमाभागातील पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर आणि निपाणी या पट्ट्यातील ज्या मराठी मुलांनी १९९० नंतरच्या दशकात गिटारवर किंवा बेस गिटारवर फंक मेटल (फंकचा ठोकेबाज ताल आणि मेटलची जड गिटार यांचे मिश्रण) वाजवायला घेतले, त्यांना त्या संगीताचा गुरू मिळाला नाही. ऑर्केस्ट्रात वाजवणारे गिटारवादक गावात होते, चर्चमध्ये स्टाफ नोटेशन (पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचून वाजवणारे होते, लष्करी बँडमधून निवृत्त झालेलेही होते. पण अंगठ्याने तार ठोकायची आणि तर्जनीने ती ओढून सोडायची, या पद्धतीच्या बेसची तालीम त्यांच्यापैकी कोणाला मिळालेली नव्हती. ती उणीव टॅब पुस्तकांनी, म्हणजे कोणत्या तारेवर बोट कुठे ठेवायचे हे रेघांवरच्या आकड्यांनी दाखवणाऱ्या पुस्तकांनी, भरून काढली. ही पुस्तके कशी घडली, कोणत्या अवस्थेत इथवर पोचली आणि त्यांच्या मांडणीतील एका निर्णयाने इथल्या वादकांची जडणघडण कशी एकांगी झाली, एवढ्यापुरते हे टिपण आहे.

तारांसाठी रेघा आणि बोटांच्या जागांसाठी आकडे किंवा अक्षरे ही पद्धत युरोपात ल्यूट या जुन्या तंतुवाद्याच्या काळापासूनची आहे. ल्यूटसाठीचे टॅब्लेचर (याचेच लघुरूप टॅब) व्हेनिसमध्ये १५०७ साली छापले गेले, आणि विहुएला या स्पॅनिश वाद्यासाठीचे पुस्तक व्हॅलेन्सियात १५३६ साली निघाले. त्या पानांतही रेघांच्या वर कालमापनाच्या खुणा असत, म्हणजे बोट कुठे ठेवायचे याबरोबर किती वेळ ठेवायचे हेही वाचकाला कळे. मधल्या शतकांचा इतिहास इथे सोडून दिला आहे, कारण बेळगावला जे पोचले ते १९८० च्या दशकात अमेरिकन गिटार मासिकांनी रूढ केलेले रूप होते : वर पाच रेघांचा स्टाफ, खाली सहा रेघांचा टॅब, अशी दुमजली ओळ. अख्खा अल्बम जसाच्या तसा उतरवल्याचा दावा करणारी जाड पुस्तके याच दुमजली ओळीवर उभी राहिली.

ठोक्याचा बेस १९६० च्या दशकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या परिसरात घडला. आईच्या साथीला वाजवणाऱ्या एका तरुणाकडे ड्रमवादक नव्हता, म्हणून त्याने बेस ड्रमच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) जागी अंगठ्याचा ठोका आणि स्नेअरच्या (कडक आवाजाच्या लहान ड्रमच्या) जागी ओढलेली तार आणली, ही हकिगत बेसवादकांत सर्वश्रुत आहे. त्या ठोक्यावर डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम खरखरीत करणे) लावलेली जड गिटार बसली, तेव्हा फंक मेटल तयार झाले. १९८८ ते १९९२ ही त्याच्या भरभराटीची वर्षे होती आणि लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को व न्यूयॉर्क ही त्याची केंद्रे होती. शिकणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की या संगीतात मात्रेचे चार भाग पडतात, त्यांतील बराचसा भाग नुसत्या दाबलेल्या तारेच्या 'चिक' आवाजाने भरलेला असतो, आणि तो आवाज टॅबमध्ये × या खुणेने दाखवतात.

१९९१ मध्ये उपग्रह वाहिन्या भारतात आल्या आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत केबलच्या तारा टिळकवाडी, शहापूर, अनगोळ भागांतील घरांत पोचल्या. १९९३ पासून अलाहाबादहून रॉक संगीताला वाहिलेले एक मासिक निघू लागले होते. पुस्तके मात्र सहजी मिळत नसत. ती मुंबईत धोबीतलावच्या वाद्यांच्या दुकानांतून, पणजीहून, किंवा परदेशी गेलेल्या नातलगाच्या बॅगेतून येत. वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शिक्षणासाठी बाहेरगावाहून येणाऱ्या विद्यार्थ्यांचाही त्यात मोठा हात होता. एक पुस्तक गावात आले की कॉलेज रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानांत त्याच्या प्रती निघत आणि त्या स्पायरल बाइंडिंग करून हातोहात फिरत.

या प्रतींचे स्वतःचे काही दोष होते, आणि ते आजही जुन्या संग्रहांत पाहायला मिळतात. अमेरिकन संगीतपुस्तकाचे पान साधारण ९ इंच रुंद आणि १२ इंच उंच असते, तर झेरॉक्सचा ए-फोर कागद दोन्ही बाजूंनी त्याहून लहान. मूळ आकारात प्रत काढली तर उजवी कड कापली जाऊन ओळीतल्या शेवटच्या आवर्तनाची शेपटी नाहीशी होई. आकार लहान करून काढली तर ३ आणि ८ यांतला फरक मिटे आणि वरच्या स्टाफवरील बारीक शेपट्या एकमेकींत मिसळून काळा पट्टा होई. प्रतीवरून प्रत निघाली की आधी स्टाफ वाचेनासा होई, आकडे त्यानंतर. तालाची माहिती वरच्या मजल्यावर आणि जागेची खालच्या मजल्यावर असल्यामुळे झेरॉक्सने नेमका ताल खाल्ला.

याहून मोठा प्रश्न पुस्तकांच्या विभागणीचा आहे. प्रकाशकांनी गिटारचे पुस्तक वेगळे आणि बेसचे वेगळे छापले. त्यामागची कारणे समजण्यासारखी होती. घेणाऱ्यांत गिटारवादक पुष्कळ आणि बेसवादक थोडे. दोन गिटार, बेस, ड्रम आणि गायन एकाखाली एक मांडले तर एका पानावर जेमतेम काही आवर्तने मावतात, आणि वाजवणाऱ्याला सतत पान उलटावे लागते. शिवाय जाड पुस्तकाची किंमत वाढते. सर्व वाद्ये एकत्र असलेली पुस्तकेही निघाली, पण मोजकी आणि महाग. इतर प्रकारच्या रॉकमध्ये या विभागणीने फारसे बिघडत नाही, कारण तिथे बेस बहुतांशी गिटारच्या मूळ स्वराला धरून चालतो आणि गिटारचे पुस्तक वाचून बेसचा अंदाज बांधता येतो.

फंक मेटलमध्ये तसा अंदाज बांधता येत नाही. बेस चौथी तार मोकळी ठोकतो, मधले दोन भाग × ने भरतो आणि दुसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरचा (दांडीवरील पट्टीवरचा) वरचा सप्तक ओढतो. त्या ओढीच्या क्षणी गिटार गप्प असते, आणि बेस गप्प झाला की गिटारचा 'चिक' येतो. गाणे या दोघांच्या मधल्या फटीत असते, आणि दोन पुस्तकांत वाटल्यावर ती फट एकाही पानावर दिसत नाही. तबल्याचे बोल एका पुस्तकात आणि डग्ग्याचे दुसऱ्या पुस्तकात छापावेत, तसा हा प्रकार झाला. गिटारच्या पुस्तकात त्या जागी फक्त विराम दिसतो. विराम का आहे हे न कळल्यामुळे इथल्या अनेक गिटारवादकांनी ते विराम भरून काढले. त्या काळच्या स्नेहसंमेलनांतील वादन ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हा भरगच्चपणा आठवत असेल.

याउलट काही पुस्तकांत गाण्याच्या सुरुवातीचा एकट्या बेसचा तुकडा गिटारच्या सहा रेघांवर बसवून दिलेला असे, आणि वर बारीक अक्षरांत तशी टीप असे. झेरॉक्समध्ये ती टीप पुसट झाली की तो तुकडा मूळचा गिटारचाच, असा समज होई. मग गिटारवादक तो एक सप्तक वर वाजवी आणि बेसवादक दुसऱ्या आवर्तनापर्यंत हात बांधून उभा राही. विभागणीच्या बाजूने बोलणारे आजही सांगतात की ज्याने त्याने आपले वाद्य नीट शिकावे आणि बाकीचे कानाने ऐकावे. हा युक्तिवाद अमेरिकेतील गिटारच्या वर्गाला लागू पडत असेल. जिथे बेसचे पुस्तक गावात पोचलेच नाही आणि कॅसेट तिसऱ्या हाताची होती, तिथे तो अर्धवट ठरतो.

बेसचे पुस्तक न पोचण्याला आणखी एक कारण होते. सीमाभागात बेस वाजवणारे मुख्यतः गणेशोत्सवातील आणि लग्नसमारंभांतील ऑर्केस्ट्रांमधून तयार झालेले होते. हिंदी-मराठी गाण्यांना ते उत्तम साथ करीत आणि कागदाशिवाय करीत. पुस्तक विकत घ्यावे किंवा त्याची प्रत काढावी, ही गरज त्यांना वाटत नसे, आणि ती वाटावी असे त्यांच्याकडे कोणी मागितलेही नाही. परिणामी गिटारवादक कागदावरून शिकलेला आणि बेसवादक कानावरून शिकलेला, अशा जोड्या बनल्या. त्यांतील कानावरून शिकलेला बहुधा मूळ गाण्याच्या अधिक जवळ असे, हे आवर्जून नोंदवावेसे वाटते.

पट्टीचा गोंधळही कमी नव्हता. पुस्तकाच्या पहिल्या पानावर तारा अर्धा स्वर उतरवण्याची सूचना असे, म्हणजे गिटारची मोकळी सहावी तार पांढरी तीनवरून काळी दोनवर आणायची. काही गाण्यांत फक्त तीच तार पांढरी दोनपर्यंत खाली येई आणि बाकीच्या पाच जागच्या जागी राहत. घरात हार्मोनियम असलेल्या मुलांना हे लगेच उमगे. अडचण कॅसेटची होती : टेप थोडी जलद किंवा सावकाश फिरली की स्वर सरके, आणि पुस्तक चुकले की यंत्र, हे ठरवायला तिसरे साधन नसे. बहुतेकांनी यंत्रावर विश्वास ठेवला आणि पुस्तकातील सूचनेवर काट मारली.

तालाच्या बाबतीत मात्र सीमाभागातील मुलांकडे एक आयती शिदोरी होती. घरात भजन, शेजारी तबला, आणि मिरजेहून चालणाऱ्या शास्त्रीय संगीताच्या परीक्षांमुळे स्वरलिपीची ओळख. एका मात्रेत चार अक्षरे बसवणे, म्हणजे चौपट, हे त्यांना पाश्चात्त्य सोळाव्या भागाच्या चिन्हाआधी येत होते. या लेखकाने पाहिलेल्या एका वहीत प्रत्येक आवर्तनाच्या सोळा घरांची चौकट आखलेली आहे. अंगठ्याच्या जागी 'अं', ओढीच्या जागी 'ओ', दाबलेल्या तारेला × आणि लांबवलेल्या स्वराला अवग्रह. पहिल्या मात्रेखाली समेची फुलीही आहे, आणि तीच फुली पुढे दाबलेल्या तारेच्या × मध्ये मिसळून वहीचा मालक बुचकळ्यात पडल्याचे खोडाखोडीवरून दिसते. तरीही झेरॉक्सने खाल्लेला ताल परत मिळवण्याचा हा मार्ग छापील पुस्तकाइतकाच भरवशाचा होता.

२००० च्या आसपास सायबर कॅफे आले आणि पुस्तकांची मक्तेदारी संपली. टॅब साध्या टंकलिखित आडव्या रेघांत लिहून वाटण्याची प्रथा नेवाडातील एका विद्यापीठाच्या यंत्रावर १९९२ च्या सुमारास सुरू झालेल्या संग्रहातून पसरली होती. संगीत प्रकाशकांच्या हरकतींमुळे तो संग्रह १९९६ आणि १९९८ मध्ये अडचणीत आला आणि २००६ मध्ये मिटला. तोवर त्याच्या नकला जगभर झाल्या होत्या. या टंकलिखित टॅबमध्ये वरचा मजला मुळातच नव्हता. फुकटात मिळणारा हा कागद लोकप्रिय झाला, पण व्हेनिसच्या छापखान्याने पाचशे वर्षांपूर्वी जे दिले होते तेवढेही त्यात नसे, आणि फंक मेटलसारख्या तालप्रधान प्रकाराचे त्याने सर्वाधिक नुकसान केले.

विभागणीचा प्रश्न शेवटी संगणकाने सोडवला. १९९७ साली फ्रान्समध्ये तयार झालेला एक टॅब-लेखनाचा कार्यक्रम पुढील आवृत्त्यांतून बेळगावच्या वसतिगृहांत सीडीवरून पसरला. त्यात गिटार, बेस आणि ड्रम एकाखाली एक दिसत, हवे ते वाद्य बंद करता येई आणि लय निम्म्यावर आणता येई. बेसच्या ओढीवर गिटारचा विराम का येतो, हे अनेकांनी प्रथम त्या पडद्यावर पाहिले. त्याचा आवाज खेळण्यातल्या कीबोर्डसारखा होता आणि ठोक्याचा पोत त्यातून कळत नसे, ही तक्रार रास्त आहे; पण मांडणी पुस्तकांपेक्षा खरी होती. त्यानंतर आलेल्या व्हिडिओ धड्यांनी हात दाखवला आणि कागदाची सवय मोडली.

ध्वनिमुद्रित गाण्यातून एकेक वाद्य वेगळे काढणारे साधन एका फ्रेंच संगीत कंपनीने २०१९ मध्ये सर्वांसाठी खुले केले, तेव्हापासून जुनी पुस्तके तपासून पाहण्याचा एक नवा उद्योग इथल्या वादकांत सुरू झाला आहे. नुसता बेस ऐकला की पुस्तकात × म्हणून उतरवलेल्या काही जागी प्रत्यक्षात स्वर आहेत असे आढळते, आणि गिटारच्या पुस्तकातील काही 'चिक' मुळात बेसचे निघतात. एकच स्वर दुसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर की पहिल्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर वाजवला होता, हे मात्र वेगळ्या काढलेल्या आवाजावरूनही खात्रीने ठरत नाही. तिथे उतरवून घेणाऱ्याने जो आकडा लिहिला तोच अजून वाजवला जातो.