दारातल्या फळ्यापासून रीलपर्यंत: विद्यापीठाच्या लायब्ररीने वाचकाला हाका मारायचा इतिहास

आता बऱ्याच विद्यापीठांच्या लायब्रऱ्यांची इन्स्टावर अकाउंट आहेत, नवीन पुस्तकांचे रील येतात, कुठे पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून वर दोनच ओळी लिहून ठेवतात की आत काय आहे ते घरी जाऊन उघडून बघा, आणि लोकांना वाटतं हे सगळं मोबाईल आल्यावर सुरू झालं. पण हे खूप जुनं आहे आणि त्यात मराठी माणसांचा मोठा वाटा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पुण्यात १८४८ साली भिडेवाड्यात सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा काढली आणि त्याच वर्षी पुणे नेटिव्ह जनरल लायब्ररी सुरू झाली, म्हणजे आजचं पुणे नगर वाचन मंदिर. पुढे १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला आली. म्हणजे पुस्तकातलं ज्ञान चारचौघांत बोलून पोचवायची सवय या शहराला तेव्हापासूनची. लायब्ररी मात्र तेव्हा वर्गणीदारांची असायची, ज्याला वाचायचंय तो येईल अशी एकूण समजूत.

ही समजूत मोडली बडोद्याने. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावलं, आणि मग संस्थानातल्या गावोगावी पुस्तकांच्या पेट्या फिरायला लागल्या. लाकडी पेटी गावात यायची, पुस्तकं वाचून व्हायची, पेटी पुढच्या गावाला. मला यातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते ती त्यांचं मासिक, ‘लायब्ररी मिसलेनी’, १९१२ पासूनचं, आणि ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघायचं! शंभर वर्षांपूर्वी लायब्ररीची बातमी मराठीत छापून यायची हे आपल्याकडे फार कमी जणांना माहितीये.

विद्यापीठाच्या लायब्ररीत हा विचार पक्का केला रंगनाथन यांनी. गणिताचे प्राध्यापक होते, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, इंग्लंडला जाऊन तिथल्या लायब्रऱ्या बघून आले, आणि १९३१ मध्ये त्यांनी लायब्ररी कशी चालावी याची पाच सूत्रं मांडली. दुसरं सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि तिसरं प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. दुसरं सगळ्यांना लगेच पटतं, पण माझ्या मते खरी गंमत तिसऱ्यात आहे, कारण तिथे जबाबदारी उलटते, कपाटात पुस्तक पडून राहिलं तर वाचक आळशी असं म्हणून सुटता येत नाही, त्या पुस्तकासाठी माणूस शोधणं हे लायब्ररीचं काम होतं. त्याच १९३१ मध्ये आजच्या तामिळनाडूतल्या मन्नारगुडीला पुस्तकांनी भरलेली बैलगाडी खेड्यांत फिरायला लागली. याला तेव्हा विस्तार सेवा म्हणायचे, आता आउटरीच म्हणतात. रंगनाथन यांच्या आठवणीत आपण १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन करतो.

पुणे विद्यापीठ १९४९ चं, पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर, आणि त्यांच्याच नावाने जयकर ग्रंथालय. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. सुरुवातीला या विद्यापीठाकडे १२ जिल्हे होते, १९६२ ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं तेव्हा पाच उरले, १९९० मध्ये धुळे-जळगावही वेगळे झाले. म्हणजे तोपर्यंत लायब्ररी पुण्यात गणेशखिंडीत आणि तिचा वाचक जळगावात, त्याने रोज येऊन बघायचं कसं? नवीन काय आलंय हे आपणहून कळवणं ही अशा विद्यापीठाची गरजच होती.

कळवायची साधनं काय तर दारातला फळा आणि काचेची पेटी. नवीन पुस्तकांची जॅकेटं काढून आत टाचणीने लावायची, आठवड्याने बदलायची. वर्तमानपत्रांची कात्रणं कापून, डिंकाने चिकटवून, तारीख घालून विषयवार फायली करायच्या. प्राध्यापकांना त्यांच्या विषयाची यादी टाईप करून पाठवायची. आणि पुस्तकाच्या मागे चिकटवलेली ती तारखांची स्लिप, पुस्तक कुणी नेलं की जिच्यावर तारीख पडायची, ती कोरी दिसली की चांगल्या ग्रंथपालाला चैन पडायचं नाही, ते पुस्तक तो मुद्दाम काउंटरवर आणून ठेवायचा. तिसरं सूत्र असं रोजच्या कामातून चालायचं.

पुढे कॉम्प्युटर आले, १९९१ मध्ये विद्यापीठांच्या लायब्रऱ्या एकमेकींना जोडणारं यूजीसीचं इन्फ्लिबनेट सुरू झालं, कार्डांचे ड्रॉवर गेले, आणि शोधगंगा या वेबसाइटमुळे पीएचडीचे प्रबंध घरबसल्या वाचता यायला लागले. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर दारच बंद, तेव्हा लिंक आणि पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवून लायब्रऱ्या चालल्या. सोशल मीडियाची सवय तिथे पक्की झाली असं मला वाटतं.

पुण्यात आज अडचण वेगळीच आहे. लायब्ररी भरलेली असते पण अभ्यासिका म्हणून, स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळी बॅग ठेवून जागा धरतात, स्वतःचीच पुस्तकं वाचतात आणि रात्री जातात. त्यांचा दोष नाही, खोलीवर चार जण असतात, शांत जागा मिळणार कुठे. पण माणूस आत आहे आणि कपाटापासून वीस पावलांवर थांबलाय, त्यामुळे आताचं आउटरीच गावाकडे नाही तर आतल्या आत करायचंय. रील बनवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण फॉलोअर वाढले आणि स्लिपा कोऱ्याच राहिल्या तर काय उपयोग.

एका लायब्ररीत मी बघितलंय, जिन्याजवळ महाराष्ट्राचा नकाशा लावला होता आणि ज्या तालुक्यावर प्रबंध आहे तिथे टाचणी आणि दोऱ्याने बांधलेला नंबर. चहाला निघालेला एक मुलगा तिथे थांबला, जुन्नरवर बोट ठेवलं, नंबर हातावर लिहून घेतला आणि बाहेर न जाता परत आत काउंटरकडे वळला.