ओव्हरड्राइव्ह लागत नाही म्हणजे गिअरबॉक्स उतरवायलाच हवा?

जुन्या ब्रिटिश गाड्यांबद्दल वर्षानुवर्षे फिरणारा समज: ओव्हरड्राइव्ह (वेग तोच ठेवून इंजिन हळू फिरू देणारा जादा गिअर) लागेनासा झाला की आतला भाग गेला, गिअरबॉक्स खाली काढा.

एमजीबीसारख्या गाडीत लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह गिअरबॉक्सच्या मागे बसतो. काम तेलाच्या दाबावर चालतं, पण ते सुरू करतो विजेवरचा सोलेनॉइड, म्हणजे वीज मिळताच झडप हलवणारा विद्युतचुंबक. बिघाड बहुधा याच विजेच्या वाटेवर असतो, आणि ती तपासायला गिअरबॉक्स हलवावा लागत नाही.

इंजिन बंद, इग्निशन चालू, गाडी चौथ्या गिअरमध्ये. ओव्हरड्राइव्हचं बटण दाबा. गिअर लिव्हरच्या खालून 'टक्' असा आवाज यायला हवा. नाही आला, तर टेस्ट लॅम्प घेऊन सोलेनॉइडच्या वायरपर्यंत १२ व्होल्ट पोहोचतात का बघा. पोहोचत नसतील तर बटण, जोडण्या आणि गिअरबॉक्सवरचा इनहिबिटर स्विच तपासा. खालच्या गिअरमध्ये करंट तोडणारा हा छोटा स्विच फार वेळा दगा देतो. वीज पोहोचूनही आवाज नसेल, तर सोलेनॉइड किंवा त्याचं अर्थिंग.

आवाज येतो, तरी लागत नाही? आधी तेलाची पातळी. एमजीबीत गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह दोघांचं तेल एकच असतं. मग फिल्टर, मग दाब. दाब पुरेसा असूनही घसरत असेल, तेव्हाच आतली झीज मनात आणा.

उलट ओव्हरड्राइव्ह अडकून बंदच होत नसेल, तर कृपया रिव्हर्स घेऊ नका. त्याने मात्र युनिट खरोखर मोडतं.