सोय आणि स्वातंत्र्य यांची गल्लत

परभणी जिल्ह्यातील आमच्या गावच्या रेशन दुकानात गेल्या पावसाळ्यात एक आजी पाचव्यांदा यंत्रावर अंगठा ठेवत होत्या. दुकानदाराने आधी पदराने, मग ओल्या फडक्याने अंगठा पुसायला लावला, नंतर दुसऱ्या हाताची बोटे लावून पाहिली, पण जन्मभर कापूस वेचलेल्या त्या बोटांवर रेषाच उरल्या नव्हत्या. मागे उभ्या असलेल्या एका ऊसतोड कामगाराचे त्याच यंत्राबद्दलचे मत अगदी वेगळे होते. कारखान्यावर असताना त्याने आपल्या वाट्याचे धान्य तिकडच्या दुकानातून उचलले होते आणि त्यासाठी त्याला कोणाच्याही पाया पडावे लागले नव्हते.

या यंत्राला आपण सर्रास ‘सोय’ म्हणतो आणि सोय झाली की माणूस तेवढा मोकळा झाला, असे गृहीत धरतो. वास्तविक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठरलेले काम कमी वेळात आणि कमी खेट्यांत होणे ही सोय. ते काम करायचे की नाही आणि कोणत्या वाटेने करायचे हे आपल्याला ठरवता येणे, व नकार दिला म्हणून हक्काचे काही न गमावणे, हे स्वातंत्र्य. पुष्कळदा दोन्ही हातात हात घालून येतात, म्हणून ओळखायला चुकते.

मराठवाड्याला खरे तर हा फरक नव्याने सांगण्याची गरज पडू नये. निजामाच्या राज्यात 1900 च्या सुमारास नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद या मार्गाने हैदराबादहून मनमाडपर्यंत रेल्वे आली आणि परभणीच्या माणसाला मुंबई जवळ झाली. त्याच राज्यात सभा घ्यायची तर आधी परवानगी काढावी लागे. लोकांना जबाबदार राज्यपद्धती मागणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर तर 1938 मध्ये ती रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी आली, आणि त्याच वर्षी वंदे मातरम् म्हटले म्हणून उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थ्यांना काढून टाकले. गाडी वेळेवर येत होती म्हणून 17 सप्टेंबर 1948 च्या मुक्तीची गरज संपली, असे कोणी म्हटले नाही.

तरीही सोयीला सरसकट संशयाने पाहणे मला पटत नाही. वर आलेल्या ऊसतोड कामगाराला जे मिळाले ते निव्वळ सोयीपेक्षा मोठे होते. पूर्वी बीड-परभणीकडच्या कुटुंबाची शिधापत्रिका गावात आणि पोट कारखान्यावर अशी स्थिती असे, आणि गावातला एकच दुकानदार त्याच्या धान्याचा धनी होऊन बसे. दुकान निवडण्याची मुभा आधी राज्यात आली. 2019 च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात ती राज्याची सीमाही ओलांडू लागली. त्या कुटुंबापुढच्या वाटा वाढल्या. आजींच्या बाबतीत नेमके उलटे घडले, कारण ओळखीच्या माणसाने ओळख पटवण्याची जुनी वाट बंद झाली आणि यंत्राचीच वाट उरली. यंत्र तेच, पण त्याच्या येण्याने वाटा वाढल्या की कमी झाल्या, एवढे पाहिले तरी दोहोंतला फरक बराचसा कळतो.

टोलनाक्याचे उदाहरण फार ताणायचे कारण नाही. फास्टॅगमुळे रांग कमी झाली, ही सोय. आणि 16 फेब्रुवारी 2021 पासून राष्ट्रीय महामार्गांवर तो नसलेल्या गाडीला दुप्पट पथकर लागू लागला, म्हणजे नकाराला किंमत लावली गेली. यूपीआयचे तसे नाही. मी स्वतः आता खिशात पाकीट ठेवत नाही, हे कबूल करतो. एकदा जिंतूरच्या बसस्थानकाबाहेर नेटवर्क गेले तेव्हा चहावाल्याने हसून ‘द्या उद्या’ म्हटले. कायद्याने रोख रक्कम कोणी बंद केलेली नव्हती, ती माझ्या सवयीने बंद केली होती. सवयीने गेलेली वाट पुन्हा धरता येते, नियमाने गेलेली धरता येत नाही, हे दोन्ही एकाच मापाने मोजू नये.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर चित्र संमिश्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरवला. पुढे 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात अनुदानासाठी आधारची सक्ती टिकली, पण बँक खाते आणि मोबाइल यांच्यासाठीची सक्ती गेली. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमती मुक्तपणे दिलेली असावी आणि ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असावे. मात्र त्याच कायद्यात अनुदान व लाभ देण्यासाठी शासनाला काही अटींवर संमतीशिवाय माहिती वापरण्याची तरतूद आहे. म्हणजे ज्याला दुसरी वाट परवडते त्याच्या ‘नाही’ला कायद्याचे बळ जास्त, आणि ज्याचे पोट त्या यंत्रावर आहे त्याच्या ‘नाही’ला कमी. ही तफावत मला सर्वांत जास्त खटकते.

ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलच्या ॲपवर पिकाची नोंद करणे, या दोन टोकांच्या मधे बसते. 15 ऑगस्ट 2021 पासून आपल्या सातबाऱ्यावरचा पेरा शेतकरी स्वतः नोंदवू लागला आणि चावडीत बसून भरलेल्या पीकपेऱ्यावर विसंबणे संपले. हे स्वातंत्र्यच आहे. परंतु फोटो बांधावर उभे राहून काढावा लागतो, आणि ज्याच्याकडे चांगला फोन नाही तो तलाठ्याऐवजी पुतण्याच्या मागे फिरतो. शेतकऱ्याची मुदत संपल्यावर राहिलेली नोंद गावपातळीवर दुसऱ्या माणसाकडून होते, ही व्यवस्था ठेवली आहे, आणि माझ्या दृष्टीने त्या ॲपमधला सर्वांत शहाणपणाचा भाग तोच आहे.

रेशनसाठीही अशी व्यवस्था कागदावर आहे. अंगठा जुळत नाही एवढ्या कारणाने धान्य नाकारू नये, असे केंद्राने 2017 मध्येच राज्यांना कळवले होते. आमच्या दुकानदाराने मात्र त्या दिवशी फोनवर येणाऱ्या ओटीपीचा मार्ग धरला. कार्डाला जोडलेला क्रमांक आजींच्या मुलाचा होता, मुलगा पुण्याला कंपनीत पाळीवर होता आणि कामाच्या जागी फोन नेऊ देत नाहीत. रिकामी पिशवी घडी करून आजी घरी गेल्या. रात्री मुलाचा फोन लागला, दुसऱ्या दिवशी त्याने आकडे सांगितले आणि आजींना गहू-तांदूळ मिळाले.